पाऊस नसताना गळलेलं छत : एका वाढीव खोलीच्या इन्सुलेशनचं प्रकरण

थंडीचे दिवस होते. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता. पहाटे आईने हाक मारली, "अगं, वरून पाणी पडतंय बघ." मी जाऊन पाहिलं तर तिच्या पांघरुणावर नाण्याएवढा ओला डाग होता, आणि वर फॉल्स सीलिंगमधल्या गोल दिव्याच्या कडेला दुसरा थेंब लोंबत होता. ही खोली आम्ही तिच्यासाठीच वाढवली होती. तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर मागच्या बाजूला काढलेली. जोतं आणि लोखंडी सांगाडा कारागिरांनी केला, बाकीचं सगळं मी आणि धाकट्या भावाने सुट्टीच्या दिवशी स्वतः. त्यामुळे चूक होती ती आमचीच होती, आणि ती शोधायची जबाबदारीही आमची.

खोलीची रचना आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुनं घर विटांचं. त्याला लागून ४ मीटर बाय ३ मीटरची, २.७ मीटर उंचीची नवी खोली. खाली काँक्रीटचं जोतं. तीन बाहेरच्या भिंतींत ९० मिमी रुंदीची गॅल्व्हनाइज्ड सी-चॅनेल (पातळ पत्रा सी आकारात वाकवून केलेले लोखंडी खांब) दर ६०० मिमीवर उभी, बाहेरून ८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड, आतून १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड, आणि चॅनेलांच्या मधल्या कप्प्यांत ९० मिमी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर. वर उतरता पत्रा. त्याच्या खाली फॉल्स सीलिंग आणि सीलिंगवर १०० मिमी ग्लासवूल अंथरलेला. सीलिंगला भोकं पाडून आत बसवलेले सहा दिवे. आमच्याकडे थंडी लांबते आणि रात्री हीटर लागतो. उन्हाळा कडक पण कोरडा असतो, एसी नाही. ही हवामानाची बाब लक्षात ठेवा, पुढे एका निर्णयात तीच महत्त्वाची ठरली.

भावाचं पहिलं म्हणणं अगदी साहजिक होतं. "ताई, पत्र्याला कुठंतरी भोक असणार. स्क्रूचं वॉशर बसलं नसेल." त्याने दिवसभर वर चढून एकेका स्क्रूवर सीलंट भरलं, पत्र्याच्या जोडांवर पट्टी चिकटवली. काम मन लावून केलं होतं. चौथ्या पहाटे पुन्हा थेंब पडले, या वेळी दोन दिव्यांतून.

मग मी एक वही केली. रोज तीनच नोंदी: रात्री आकाश कसं होतं, पहाटे बाहेर तापमान किती, थेंब पडले का. दहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. आकाश निरभ्र असलं की थेंब, ढगाळ असलं की काही नाही. गळती अशी वागत नाही. पावसाचं पाणी ढगांबरोबर येतं, आमचं पाणी मोकळ्या आकाशाबरोबर येत होतं.

अकराव्या दिवशी पहाटे साडेपाचला सीलिंगची झडप उघडून मी डोकं वर घातलं. बॅटरीच्या उजेडात पत्र्याची खालची बाजू चमकत होती. टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, सगळीकडे, सारख्या दाटीने. एखाद्या स्क्रूपासून निघालेला ओघळ नाही, गंजाचा डाग नाही. पत्र्याच्या उताराने काही थेंब एकमेकांत मिसळून खाली सरकत होते आणि आडव्या लोखंडी पट्टीला अडून तिथून टपकत होते. खालचा ग्लासवूल हातात घेतला तर जड लागला. जागोजागी बसून त्याची ४० मिमीची चपटी गादी झाली होती, आणि दाबली की बोटं ओली होत होती. गळतीला उगम असतो आणि वाट असते. दव सगळीकडे एकदम धरतं. हा फरक डोळ्यांनी एकदा पाहिला की पुन्हा गल्लत होत नाही, म्हणून असं पाणी दिसलं तर पत्रा दुरुस्त करण्याआधी पहाटे एकदा वर डोकावून पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड का होतो? निरभ्र रात्री तो आपली उष्णता थेट आकाशाकडे उत्सर्जित करत राहतो. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर सकाळी दव असतं, ते याच कारणाने. ढग असले की ते काही उष्णता परत पाठवतात आणि पत्रा तेवढा गार पडत नाही. त्या पहाटे बाहेर ८ अंश होतं आणि पत्र्याची खालची बाजू ६ अंशांच्या आसपास. हे मोजताना आधी फसगत झाली होती. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर धरला तर तो समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच मोजतो आणि भलताच आकडा दाखवतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून, ती पत्र्याएवढी गार होऊ देऊन, टेपवर मोजल्यावर खरा आकडा मिळाला.

आता आतली हवा. खोलीत २२ अंश आणि आर्द्रता ६० टक्के. या हवेचा दवबिंदू सुमारे १४ अंश, म्हणजे १४ अंशांपेक्षा गार अशा कुठल्याही पृष्ठभागावर ती पाणी सोडणार. २२ अंशांच्या या हवेत दर घनमीटरला साधारण ११.७ ग्रॅम बाष्प असतं. ६ अंशांची हवा जेमतेम ७.३ ग्रॅम धरू शकते. म्हणजे वर गेलेल्या प्रत्येक घनमीटर हवेने पत्र्यावर चार ग्रॅमच्या वर पाणी ठेवायचं. रात्रभर ही ये-जा चालू असेल तर किती पाणी साठेल याचा हिशोब करता येतो. बाष्प यायला काही विशेष लागत नाही. झोपलेलं माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतं. आईच्या सोबतीला मी तिथेच झोपत होते. दोघींचं मिळून रात्रीत अर्धा लिटरच्या वर झालं, शिवाय खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे.

राहिला प्रश्न, ही हवा वर गेली कुठून? जिप्सम बोर्डातून बाष्प झिरपतं, पण हळू. खरा मार्ग फटींचा असतो. खिडक्या-दारं बंद करून, हीटर चालू ठेवून मी उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक दिव्याच्या कडेपाशी धरली. धूर सरळ वर जाऊन कडेच्या फटीत शिरत होता, ओढून घेतल्यासारखा. सहाही दिव्यांपाशी तसंच. मग जुनी विटांची भिंत आणि नवा सांगाडा जिथे भेटतात तिथे धरली. तिथे धूर उलट खोलीकडे ढकलला गेला. आठ-दहा मिमीचा तो सांधा आम्ही नुसत्या गिलाव्याने बुजवला होता. वीट आणि लोखंड वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात. कडक गिलावा पहिल्या थंडीतच तडकला होता. खाली सांध्यातून गार हवा आत, वर दिव्यांतून ऊबदार ओली हवा बाहेर. खोली चिमणीसारखी चालत होती.

त्यात आमची आणखी एक चूक. वारा शिरू नये म्हणून पन्हाळीच्या बाजूची पत्र्याखालची फट आम्ही ग्लासवूल ठासून बंद केली होती. वर गेलेल्या बाष्पाला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

भिंतीवरचे पट्टे

छताचा उलगडा झाल्यावर भिंतींकडे नव्याने पाहिलं. महिनाभरापासून उत्तरेच्या भिंतीवर फिकट राखाडी उभे पट्टे दिसत होते. रंग नीट लागला नाही असं आम्ही समजत होतो. टेपने मोजलं, पट्टे बरोबर ६०० मिमीवर. आणि प्रत्येक पट्ट्यात खालून वर, एका ओळीत, थोडे गडद ठिपके: जिप्सम बोर्डाचे स्क्रू. लोखंडी सांगाड्याचा एक्स-रे भिंतीवर उमटला होता.

थर्मामीटरने कप्प्याच्या मध्ये २१ अंश दाखवले, पट्ट्यावर १७. सतरा म्हणजे दवबिंदूच्या वरच, त्यामुळे पाणी धरत नव्हतं. पण २२ अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा १७ अंशांच्या भिंतीला टेकली की त्या पातळ थरात आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला वाढायला तेवढं पुरतं. प्रत्यक्ष पाणी लागत नाही. धूळही अशा गार, दमट पट्ट्यावर जास्त बसते. आईला पहाटे खोकला येत होता. त्याचं कारण ही भिंतच होती असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण बुरशी धरू लागलेल्या भिंतीशेजारी तिचा पलंग होता, एवढं मला पुरेसं होतं.

आकड्यांत सांगायचं तर असं. ग्लासवूलची उष्णतावाहकता ०.०४ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली तर ९० मिमीचा रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद (जाडी भागिले वाहकता), २.२५ येतो. दोन्ही बोर्ड आणि आत-बाहेरच्या हवेचे पातळ थर धरून भिंतीचा एकूण रोध २.५. खोली बांधताना मी कागदावर हाच आकडा लिहून समाधान मानलं होतं. पण पोलादाची वाहकता ५०च्या आसपास, म्हणजे ग्लासवूलच्या हजारपटीहून जास्त. चॅनेलचा पत्रा जाडीला किरकोळ असला तरी तो आतल्या बोर्डापासून बाहेरच्या बोर्डापर्यंत अखंड जातो, उष्णतेसाठी बांधलेला पूलच. ६०० मिमीवर लोखंडी चॅनेल असलेल्या अशा भिंतीत मधल्या लोकरीचा परिणामी रोध साधारण ५५ टक्केच उरतो. २.२५चे झाले १.२४. भिंतीचा एकूण रोध १.५. ज्या जाडीवर आम्ही विसंबलो होतो तिच्यातली जवळजवळ निम्मी जाडी लोखंडाने खाऊन टाकली होती. लाकडी सांगाड्यात हा तोटा पुष्कळ कमी असतो, कारण लाकडाची वाहकता ०.१३च्या घरात आहे.

काय करायचं नाही, हे आधी ठरलं

भावाला आणखी ग्लासवूल कोंबायचा होता. ९० मिमीच्या कप्प्यात १५० मिमीचा माल दाबून बसवला तर त्यातली हवाच निघून जाते, आणि ग्लासवूलचं सगळं काम त्या अडकलेल्या हवेवर चालतं. दाबलेल्या गादीला प्रत्येक मिलिमीटरमागे रोध थोडा जास्त मिळतो हे खरं, पण माल आपला १५० मिमीचा रोध देत नाही. आणि लोखंडाचा पूल तर तसाच राहतो.

मग चकचकीत बबल शीटचा विषय निघाला. अॅल्युमिनियमचा चकचकीत थर उष्णतेचं उत्सर्जन आणि शोषण फार कमी करतो, म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली तो उपयोगी आहे. पण त्याच्या समोर किमान २० मिमी मोकळी हवा हवी. बोर्ड आणि चॅनेलच्या मध्ये चेपून बसवला की तो फक्त चार-पाच मिमीचं पातळ प्लास्टिक उरतो. आमच्या भिंतीत त्याला जागाच नव्हती.

पत्र्याखाली दोन रसायनं मिसळून मारायचा स्प्रे फोम ही चांगली गोष्ट आहे. पत्र्याला थेट चिकटतो, हवा पोहोचूच देत नाही. पण त्यातलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर दमा लागू शकतो, योग्य श्वसनयंत्र आणि सराव लागतो, थर जाड मारला तर आतून तापतो. हे घरच्या माणसाने सुट्टीत करायचं काम नव्हे असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही नाही केलं.

केलेली दुरुस्ती

भिंतींचे जिप्सम बोर्ड उतरवले. ग्लासवूल कोरडा होता, तो तसाच ठेवला. फक्त जिथे तो खाली सरकून वर चार बोटं फट पडली होती तिथे तुकडा भरला. मग चॅनेलांच्या आतल्या तोंडावरून, एक इंचही जागा न सोडता, ३० मिमी जाडीचे एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचाच एक प्रकार) फोमचे बोर्ड आडवे लावले. थर्मोकोलही चालला असता, पण एक्सपीएस दाट असतो आणि पाणी फार कमी पितो. त्याचा रोध ०.९. भिंत १.५वरून २.४वर आली. कागदावरचे २.५ आम्हाला ९० मिमी लोकरीने मिळाले नव्हते, ते या ३० मिमीने जवळजवळ परत मिळवून दिले, कारण हा थर अखंड आहे आणि लोखंड त्याला भेदत नाही. भेदतात ते फक्त स्क्रू.

सांध्यांवर टेप, त्यावर पुन्हा जिप्सम बोर्ड. हा बोर्ड सौंदर्यासाठी नाही, आगीसाठी आहे. फोम पेटतो आणि विषारी धूर करतो, तो खोलीच्या बाजूने उघडा ठेवायचा नाही. स्क्रू २५ मिमीचे होते ते आता ५५ मिमीचे लागले. स्विचबोर्डाचे डबे ३० मिमी पुढे आणावे लागले, खिडकीच्या कडांना तेवढीच पट्टी जोडावी लागली. या बारीक कामात सगळ्यात जास्त वेळ गेला. वायरी पाइपातूनच नेल्या. पीव्हीसीचं आवरण पॉलिस्टायरीनला टेकून राहिलं तर त्यातला मऊपणा देणारा द्रव हळूहळू फोममध्ये उतरतो आणि आवरण कडक होऊन तडकतं, म्हणून वायर आणि फोम यांचा थेट स्पर्श नको.

जुन्या-नव्याच्या सांध्यातला गिलावा खरवडून काढला. आत फोमची दोरी बसवली आणि वर ताणला जाणारा पॉलियुरेथेन सीलंट भरला, बाहेरून पत्र्याची झाकणपट्टी. सांधा हलणारच आहे. त्याला हलू देणारा माल हवा.

छताचा ओला ग्लासवूल पूर्ण फेकला. वाळवून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण एकदा बसलेली गादी पुन्हा फुलत नाही. आत बसवलेले दिवे काढून सीलिंगच्या पृष्ठभागावर लावायचे घेतले, भोकं बोर्डाच्या तुकड्यांनी बुजवली. त्या दिव्यांवर लोकर अंथरलेली होती हाही धोकाच होता, कारण झाकून ठेवण्यासाठी बनवलेला नसेल तर दिवा उष्णता बाहेर टाकू न शकल्याने जळतो. मग सीलिंगच्या वर, लोकरीच्या खाली, म्हणजे ऊबदार बाजूला, २०० मायक्रॉनचं पॉलिथिन. जोड हातभर एकमेकांवर आणि टेपने बंद.

इथे ते हवामान आडवं येतं. आमच्याकडे ओली हवा थंडीत आतून बाहेर जाते, म्हणून अडवणारा थर आत. जिथे वर्षातला बराच काळ बाहेरची हवा दमट आणि आत एसी असतो तिथे प्रवास उलटा. ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंश आहे. ती हवा भिंतीत शिरली तर एसीने गार केलेल्या आतल्या प्लास्टिकवर तिचं पाणी होईल आणि भिंतीतच सडेल. तिथे अडवणारा थर बाहेर हवा. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर प्लास्टिक टाळून फक्त फटी बंद करायच्या आणि भिंतीला एका बाजूने तरी वाळू द्यायचं. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक कधीच नको. एकाचं पाहून दुसऱ्याने तसंच केलं आणि भिंत कुजली, हे याच एका मुद्द्यावर होतं.

पॉलिथिनवर ७५ मिमी लोकरीचे दोन थर, वरचा खालच्याला आडवा, म्हणजे एकाच्या फटीवर दुसऱ्याची पाठ. फटींबद्दल मी आता फार हट्टी झाले आहे, त्याला कारण आहे. बारा चौरस मीटरच्या या छतात फक्त ५ टक्के जागा उघडी राहिली तर १५० मिमी लोकर सरासरीने ९० मिमीएवढंच काम करते. मी हिशोब दोनदा तपासला. उष्णता सोप्या वाटेने जास्त जाते, आणि तिचा मोठा वाटा त्या फटींतूनच निघून जातो. भाऊ कात्रीने मोजून, कप्प्यापेक्षा बोटभर रुंद तुकडे कापत होता आणि मी त्याच्यामागून कोपरे हाताने चाचपत होते. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि एन९५ मास्क. पहिल्या वेळी मास्क न घालता केलेल्या कामाचा घसा आठवडाभर खवखवत होता.

लोकर आणि पत्रा यांच्यात ५० मिमी हवा मोकळी ठेवली. पन्हाळीकडची फट उघडून जाळी लावली, वरच्या टोकालाही तशीच. खालून हवा आत, वरून बाहेर.

शेवटी खोलीला श्वास. फटी बुजवल्या की आपोआप होणारी हवेची देवाणघेवाण थांबते. खिडकीच्या वर उघड-झाप करता येणारी बारीक हवापट्टी बसवली आणि कपडे खोलीत वाळत घालणं बंद केलं. हीटर विजेचाच आहे. गॅस किंवा कोळशाची शेगडी अशा घट्ट केलेल्या खोलीत कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसऱ्या थंडीच्या नोंदी

वही पुन्हा काढली. आत २२, बाहेर ८ असताना उत्तरेच्या भिंतीवर चॅनेलच्या जागी २०.५, मध्ये २१.५. पट्टे उमटले नाहीत. रात्रीची आर्द्रता ५० ते ५५. अतिशय निरभ्र अशा दोन पहाटे झडपेतून पाहिलं तर पत्र्याखाली पुसटसं दव होतं. ते बाहेरच्या हवेचंच, थेंब धरण्याइतकं नाही, आणि ऊन वर आल्यावर वाळून गेलं. लोकर हाताला कोरडी. आई म्हणाली, "आता पहाटे नाकाचा शेंडा गार पडत नाही गं."

एक जागा राहिली आहे. जोत्याची काँक्रीटची कड बाहेर उघडी आहे आणि उत्तर-पूर्व कोपऱ्यात फरशीलगत थर्मामीटर अजून १६ दाखवतो. तिथे कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, त्यामागे बुरशीचा तळहाताएवढा डाग आला. डाग साफ केला, कपाट चार बोटं पुढे ओढलं, म्हणजे मागून हवा फिरते. पण १६ अंश तसेच आहेत. पुढच्या थंडीआधी बाहेरून ६०० मिमी खोल चर खणून जोत्याच्या कडेला उभा एक्सपीएस लावायचा आहे, वर सिमेंटचं कवच. वाळवी फोमच्या आडून दिसू न देता वर चढते, त्यामुळे वरची १५० मिमी कड तपासणीसाठी उघडी ठेवणार आहोत. तेवढ्या पट्टीतून थोडी थंडी येईल. ती किती येते, ते वहीत लिहीन.